पद्मिनीची जपानी बहीण

बिबवेवाडीला मोटारसंग्राहकांची वस्ती म्हणून कोणी ओळखत नाही. खाली मार्केट यार्डातील पेढ्या, वर टेकडीच्या अंगाने चढत गेलेल्या सोसायट्या आणि जुन्या पेठांतून इकडे स्थिरावलेली व्यापारी कुटुंबे, असा हा भाग. मात्र ज्या घरांनी १९८५ नंतरच्या दशकात पहिली ऐसपैस मोटार घेतली, त्यांपैकी एखाद्याच्या वाहनतळात चौकोनी तोंडाची एक गाडी अजूनही कापडी आवरणाखाली उभी असते. प्रीमियर ११८ एनई. नातवंडे तिला ‘आजोबांची फियाट’ म्हणतात. हे अर्धेच खरे. तिचे कवच इटालियन आराखड्याचे, इंजिन जपानी कुळातले आणि भांडवल सोलापूरच्या एका जैन घराण्याचे.

वालचंद हिराचंद दोशी (१८८२–१९५३) यांनी जहाजे, विमाने आणि साखर या उद्योगांबरोबरच मोटारीचेही स्वप्न पाहिले. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि कुर्ल्यात कारखाना उभा राहिला. फियाटच्या ११०० मालिकेतून पुढे पद्मिनी आली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती, म्हणून सर्वांच्या स्मरणात राहिली. तिची धाकटी बहीण ११८ एनई १९८५ मध्ये बाजारात आली. त्या काळात वालचंद घराण्यातील विनोद दोशी कंपनीची धुरा वाहत होते. योगायोग असा, की त्यांच्या पत्नी, कलाअभ्यासक सरयू दोशी यांचा जैन चित्रकलेवरील सुप्रसिद्ध इंग्रजी ग्रंथही १९८५ चाच.

या धाकट्या बहिणीचे कवच फियाट १२४ चे. ती मोटार १९६७ ची युरोपमधील सर्वोत्तम गाडी ठरली होती. इंजिन मात्र निस्सानचे ए१२: ११७१ घनसेंटिमीटर, सुमारे ५२ अश्वशक्ती. गिअरपेटीही निस्सानचीच. हेच इंजिन १९७० च्या दशकात जपानमध्ये निस्सान सनी १२०० या छोट्या कूपेमध्ये होते. त्याच्या सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७०, म्हणजे धाव व्यासापेक्षा कमी. अशी आखूड धावेची इंजिने चटकन वेग घेतात. फुजीच्या शर्यतमार्गावर ही सनी मोठ्या गाड्यांच्या तोडीने नाव कमावून गेली, आणि आज जपानी शौकीन तिला जिवापाड जपतात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील मॉरिस मायनरचे मालक आपल्या आजीबाई गाड्यांत हेच इंजिन हौसेने बसवतात. पेढीवरून घरी आणणारी सभ्य गाडी म्हणून जिची ओळख, तिच्या पोटात असा शर्यतबाज वंश दडलेला आहे.

जपानमध्ये अशा मोटारी मूळ रूपात आणणे हे आता कंपन्यांनीच अंगावर घेतलेले काम झाले आहे. माझ्दाने २०१७ मध्ये आपल्या पहिल्या रोडस्टरसाठी पुनरुज्जीवन सेवा जाहीर केली. छप्पर, लाकडी सुकाणू चक्र, इतकेच काय, मूळ नक्षीचे टायरही पुन्हा तयार करवले. निस्सानने स्कायलाइन जीटी-आरचे बंद पडलेले सुटे भाग पुन्हा विक्रीस आणले. टोयोटाने २००० जीटी या अतिदुर्मीळ क्रीडामोटारीच्या गिअरपेटीचे भाग पुन्हा घडवले. ११८ एनईच्या पाठीशी अशी कोणतीही कंपनी उभी नाही. तिचे आयुष्य दुकानदारांच्या फळ्यांवर टिकले आहे, आणि व्यापारी घरांनी या विषयाकडे पाहावे ते याच कारणासाठी.

बिबवेवाडीतून अशा गाडीसाठी भाग शोधायला निघालेला माणूस प्रथम नाना पेठेत जातो, रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात फिरतो, मग मुंबईला ऑपेरा हाउसच्या दुकानांत आणि कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर पोहोचतो. यांत्रिक भागांची चिंता तुलनेने कमी असते. ए मालिकेची इंजिने जगभर पसरली. तिच्यातलेच ए१४ इंजिन दक्षिण आफ्रिकेत निस्सानच्या छोट्या पिकअपमध्ये २००८ पर्यंत बसत होते. त्यामुळे या कुळाचे पुष्कळसे साहित्य परदेशातून मागवता येते. ए१२ आणि ए१४ यांची मापे सर्वत्र सारखी नाहीत, एवढे ध्यानात ठेवून. बोअर झिजला असेल तर पुण्यातला कुशल लेथवाला तो वाढवून मोठ्या मापाचे पिस्टन बसवून देतो. खरी अडचण दिसणाऱ्या वस्तूंची. मागच्या दिव्याची काच, दाराच्या कडेची क्रोमची पट्टी, डॅशबोर्डाचे प्लास्टिक, ‘११८ एनई’ ही अक्षरे असलेला बिल्ला. यांचे साचे जगात दुसरीकडे कुठे नाहीत.

येथे जुन्या मालाचा एक बारकावा आहे आणि तो न कळल्याने पुष्कळांचे पैसे जातात. ‘न वापरलेले’ आणि ‘नवे’ हे एकच नव्हे. पस्तीस वर्षे पाकिटात बंद असलेले धातूचे चाक, दाता किंवा काच तशीच उत्तम निघू शकते. रबर मात्र पाकिटातही म्हातारे होते. ब्रेकचे जुने रबरी वायसर कंपनीच्या शिक्क्यासह मिळाले, तरी ते बसवणे म्हणजे जीव धोक्यात घालणे आहे. इंधनाच्या नळ्यांचेही तसेच. आता पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि जुन्या जातीच्या रबराला ते मऊ करून गाळून टाकते. म्हणून नळ्या, कार्ब्युरेटरचे पडदे, पंपाचे रबर हे सारे इथेनॉल सोसणारे, आजच्या बनावटीचेच घ्यावे. अस्सलपणाचा हट्ट बिल्ल्यापुरता ठेवावा, ब्रेकपर्यंत नेऊ नये.

सर्वांत मोठा तोटा होतो तो दुकाने बंद होताना. सुट्या भागांच्या व्यवसायातील पहिली-दुसरी पिढी थकली, मुले सनदी लेखापाल किंवा संगणक अभियंते झाली, जागेचे भाडे परवडेनासे झाले, की दुकान आवरले जाते. पोटमाळ्यावरील पडून राहिलेला माल, ज्याला व्यापारी ‘डेड स्टॉक’ म्हणतो, तो पोत्यांत भरून भंगारवाल्याला किलोच्या भावाने दिला जातो. त्या पोत्यात मागच्या दिव्याची एक कोरी काच असेल, तर तिच्यावाचून वर्षानुवर्षे अडून बसलेला माणूस कदाचित चार गल्ल्या पलीकडेच राहत असतो. खोक्यांवरचे क्रमांक वाचून यादी करायला दोन रविवार पुरतात. व्यापाराचा धर्म म्हणूनही हे योग्य, आणि हिशेबातही किलोच्या भावापेक्षा निश्चित वरचढ.

जे मिळतच नाही ते घडवता येते, मात्र एकट्याला नाही. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत रबरी पट्टीचा साचा बनवणे अवघड नाही. एका गाडीपुरता साचा परवडत नाही, इतकेच. वीस मालकांनी मिळून मागणी नोंदवली तर तोच भाग आवाक्यात येतो. सामाईक खरेदी ही रीत मार्केट यार्डात कोणी कोणाला शिकवावी लागत नाही. मोटारीच्या बाबतीत ती का सुचू नये, याचेच नवल.

पैशाचे गणित मात्र हौसेच्या बाजूने नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पत्र्याचे काम, रंग, इंजिन आणि आतली बैठक मिळून होणारा खर्च बहुधा गाडीच्या विक्रीमूल्याहून जास्त असतो. दुसरीकडे, २०२१ च्या भंगार धोरणानुसार अधिकृत केंद्रात गाडी मोडीत काढली, तर नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या साधारण ४ ते ६ टक्के इतके मूल्य आणि नव्या वाहनाच्या करात सवलत मिळू शकते. म्हणजे भावना बाजूला ठेवली तर उत्तर सोपे आहे. पण ज्या गाडीतून नवी नवरी घरी आली, तिच्याबाबत भावना बाजूला ठेवणे कितीजणांना जमते?

कायद्यातही या गाडीची पंचाईत आहे. १५ जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनालाच ‘व्हिंटेज’ मानले जाते. त्याची नोंदणी शुल्क २०,००० रुपये आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. चासी, कवच किंवा इंजिनात मोठा बदल केला असेल तर ती मान्यता नाही. म्हणून दुरुस्तीच्या वेळी दुसऱ्या गाडीचे आधुनिक इंजिन बसवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकण्यापूर्वी दहादा विचार करावा. १९८६ साली नोंदवलेली ११८ एनई या वर्गात २०३६ नंतर येईल. तोवर दर पाच वर्षांनी परिवहन कार्यालयात तपासणी आणि फेरनोंदणी. तिचे मोटारीसाठीचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाले. पर्यावरण कर वेगळा. फेरनोंदणीची तारीख उलटून गेली असेल, तर रंगाऱ्याकडे जाण्याआधी कागद पूर्ण करावेत. नोंदणी नसलेली गाडी कितीही चकचकीत झाली, तरी सोसायटीच्या फाटकाबाहेर नेता येत नाही.