उजळ करून देतो : व्यक्तिचित्रांच्या टचिंगविषयी

छायाचित्र खोटे बोलत नाही, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. हा समज भाबडा आहे. सूर्याचा उजेड कुणाचा पक्ष घेत नसेल; पण तो कॅमेऱ्यात किती घ्यायचा, चेहऱ्यावर किती ठेवायचा आणि मागाहून त्या चेहऱ्यावरून काय पुसायचे, हे माणूस ठरवतो. ज्या समाजात तो वाढला त्या समाजाची सौंदर्यमूल्ये घेऊनच तो ते ठरवतो. आपल्या वस्त्यांतील तरुण आज लग्नाचे, जयंतीचे, मोर्चाचे फोटो स्वतः काढतात आणि स्वतःच एडिट करतात. उघड्यावर काढलेल्या व्यक्तिचित्रांवर एडिटिंगमध्ये नेमके काय घडते, हे त्यांनी समजून घेतले पाहिजे.

टचिंग संगणकाने आणलेले नाही. फिल्मच्या काळात स्टुडिओतला कारागीर निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलीने बारीक रेघा भरत असे. निगेटिव्हमध्ये सारे उलटे असते. तिथे जो भाग गडद, तो छापील फोटोत उजळ. म्हणजे पेन्सिलीने काहीही भरले तरी चेहरा उजळच होणार. गडद करायचा तर निगेटिव्ह पात्याने खरवडावी लागे, आणि ते काम जोखमीचे. हत्यारच असे की गोरे करणे सोपे होते. गिऱ्हाइकाची मागणीही त्याच दिशेची होती.

रंगीत फिल्मची गोष्ट याहून बोलकी आहे. कोडॅकच्या फिल्मचे रंग छापखान्यात जुळवण्यासाठी एका गोऱ्या बाईचे चित्र असलेले कार्ड वापरत. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची त्वचा बरोबर उमटली की रंग बरोबर, असा हिशेब. काळी आणि गोरी माणसे एकाच फोटोत आली की काळ्या चेहऱ्याचे बारकावे बुडून जात. लॉर्ना रॉथ या कॅनडातील अभ्यासक बाईंनी 2009 साली यावर निबंध लिहिला. फिल्ममध्ये गडद छटा नीट याव्यात यासाठी प्रयत्न झाले ते चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी तक्रार केली म्हणून, असे त्यातून दिसते. चॉकलेटचा रंग नीट यावा म्हणून जी तत्परता दिसली, ती काळ्या माणसाच्या चेहऱ्यासाठी आधी दिसली नव्हती.

आपल्याकडे या रंगभेदाला जातीची जोड मिळते. गोरा तो वरचा, काळा तो खालचा, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः काळी-गोरी माणसे सर्व जातींत आहेत. वर्ण म्हणजे कातडीचा रंग ही उपपत्ती बाबासाहेबांनी 1946 साली 'हू वेअर द शूद्राज?' या ग्रंथात तपासून नाकारली. तरी स्टुडिओतला व्यवहार त्याच खोट्या उपपत्तीवर चालतो. पदवीच्या प्रवेशासाठी मी फोटो काढला तेव्हा तालुक्याच्या गावातील एका स्टुडिओवाल्याने न विचारता माझा चेहरा चांगला दोन छटा उजळ करून दिला. वर म्हणाला, "याचे जादा पैसे नाहीत." घरी फोटो पाहून आई म्हणाली, "ह्यो कोण रं?" आमच्या घरात कॉलेजचा अर्ज भरणारा मी पहिला, आणि त्या अर्जावर चिकटवलेला चेहरा माझा नव्हता.

आज पेन्सिलीची जागा 'प्रीसेट'ने घेतली आहे. प्रीसेट म्हणजे आधीच बांधून ठेवलेली एडिटिंगची कृती. एक बटण दाबले की सारा फोटो त्या साच्यात. उघड्यावरील फोटोंसाठी तीन साचे जास्त चालतात.

पहिला साचा फिकट आणि उजळ. यात सावल्या वर उचलतात, हिरवळ फिकी करतात आणि नारिंगी रंगाची उजळता वाढवतात. माणसाच्या त्वचेचा रंग, गोरी असो की काळी, लाल-नारिंगी पट्ट्यातच येतो. म्हणून नारिंगी उजळला की त्वचा गोरी होते. सावळ्या चेहऱ्यावर मात्र गोरेपणाऐवजी राख फासल्यासारखी कळा येते.

दुसरा साचा गडद आणि उदास. यात सावल्या दाबतात. गोऱ्या चेहऱ्याला त्याने उठाव येतो. काळ्या चेहऱ्याचे डोळे, केस आणि गाल एकाच अंधारात जातात.

तिसरा साचा स्पर्धेच्या फोटोंचा. वीटभट्टीवरची बाई किंवा म्हातारा शेतमजूर दिसला की त्याची प्रत्येक सुरकुती खणून काढायची, कातडी आहे त्याहून काळी आणि खरबरीत करायची. त्याला 'वास्तव' म्हणतात आणि बक्षीस देतात.

हे तीन साचे शेजारी ठेवून पाहा. एकाच वस्तीतली मुलगी नवरी झाली की तिला गोरी करतात. तिची आई विटा वाहताना दिसली की तिला आणखी काळी करतात. दोघींचा खरा रंग कुणालाच नको आहे. 'फेअर अँड लव्हली'च्या नावातून 2020 साली 'फेअर' हा शब्द गेला. प्रीसेटमधून तो गेलेला नाही.

मग करायचे काय? प्रथम उजेड ओळखावा. एप्रिलच्या भर दुपारी, जयंतीच्या उन्हात, डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते. माणसाला ओसरीच्या किंवा झाडाच्या सावलीच्या कडेला, उजेडाकडे तोंड करून उभे करावे. थर्माकोलचा पांढरा तक्ता खालून धरला तर चेहरा भरतो. पांढरे कपडे आणि मागे मोकळे आकाश असले की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो. त्याला सारे मध्यम राखाडी करायचे असते, म्हणून तो उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. अशा वेळी मापन फक्त चेहऱ्यावर घ्यावे. त्वचा फार गडद असेल तर त्यातून सुमारे एक स्टॉप कमी करावा, नाहीतर मापक तिलाही राखाडीच करील. मोबाईलमधील 'ब्यूटी' बंद ठेवावी. झाडाखाली त्वचेवर हिरवट झाक येते. ती काढावी, पण चेहऱ्याचा रंग बदलू नये.

टचिंगला एक साधा नियम लावावा. जे पंधरा दिवसांत आपोआप जाणार, ती पुटकुळी किंवा तो ओरखडा, खुशाल पुसावे. जे कायमचे आहे त्याला, म्हणजे तीळ, व्रण, आजीच्या कपाळावरचे गोंदण आणि त्वचेचा रंग यांना, त्या माणसाला विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि एखाद्या मुलीने स्वतःच "मला गोरी करा" म्हटले, तर तिला हसू नये. स्थळे पाहायला येणाऱ्या माणसांची नजर तिने भोगलेली असते. तिला तिच्याच रंगातला, नीट उजेडात काढलेला एक फोटो आधी दाखवावा. असा फोटो तिने कदाचित कधी पाहिलाच नसेल.

आपल्या चळवळीने भाषेतील प्रमाण नाकारले, साहित्यातील प्रमाण नाकारले. चेहऱ्याचे हे उसने प्रमाण आपल्याच मोबाईलमध्ये सुखाने नांदते आहे. ते हटवण्याचे काम आपल्याच तरुणांना करावे लागेल, आणि ते पुढच्या जयंतीच्या फोटोंपासून सुरू करता येईल.