ज्वारी सोडली म्हणजे ज्वारी नावडली का?

लातूर-नांदेडकडच्या जेवणाविषयी एक वाक्य हल्ली वारंवार कानावर येते: लोकांना आता भाकरी नको, पोळी हवी, मराठवाड्याची चव बदलली. वाक्य साधे वाटते, पण ग्राहकाच्या निवडीविषयीचे कितीतरी गैरसमज त्यात दडलेले आहेत. त्यांचा परिणाम धोरणावर होतो आणि माणसांविषयीच्या आपल्या मतांवरही होतो, म्हणून ते नीट तपासायला हवेत.

गैरसमज: माणूस जे घेतो, तेच त्याला आवडते.

अर्थशास्त्रात पसंती आणि निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पसंती म्हणजे सगळ्या शक्य पर्यायांची मनातली क्रमवारी. खिशात किती पैसे आहेत, बाजारात भाव काय आहे, याचा त्या क्रमवारीशी संबंध नसतो. निवड मात्र त्या पैशांत आणि त्या भावात जे परवडते, त्यातूनच होते. पॉल सॅम्युएलसन यांनी 1938 मध्ये लोकांच्या खरेदीवरून त्यांची पसंती ओळखण्याची रीत मांडली, पण तिला एक अट आहे: न घेतलेली वस्तूही परवडणारी असली पाहिजे. ही अट विसरली, की सगळा हिशेब चुकतो.

1972 च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळायचा. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माणसांनी त्याच मिलोच्या भाकरी खाल्ल्या, कामावर वाटलेली सुकडी खाल्ली. त्या वर्षीच्या नोंदी पाहून कोणी म्हणेल का, की मराठवाड्याला मिलो आवडत होता? दुसरा पर्यायच नव्हता. तेव्हाची ती निवड पसंतीविषयी काहीच सांगत नाही.

आजच्या ज्वारीचेही तसेच आहे. खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आणि घरच्या कणगीतले धान्य संपले. पूर्वी जी ज्वारी शेतातून घरी यायची, ती आता रोख पैसे देऊन दुकानातून आणावी लागते. दुसरीकडे अन्नसुरक्षा कायद्याखाली गहू 2 रुपये आणि तांदूळ 3 रुपये किलोने मिळू लागला. जानेवारी 2023 पासून तर हे धान्य मोफत आहे. एका बाजूला फुकटचा गहू, दुसऱ्या बाजूला विकतचा शाळू. अशा वेळी पोळी करणाऱ्या घराची चव बदलली असेलही, पण केवळ पोळी केली म्हणून ते सिद्ध होत नाही. भाव बदलले की क्रमवारी तीच असतानाही निवड बदलते.

गैरसमज: गरिबाला फक्त पोट भरायचे असते, त्यापलीकडचा खर्च म्हणजे अडाणीपणा.

या समजाला उत्तर देणारा एक मोठा अभ्यास आपल्याच महाराष्ट्रातल्या आकड्यांवर झाला आहे, आणि मला वाटते तो इथल्या प्रत्येक अर्थशास्त्र विभागात शिकवला जावा. शंकर सुब्रमणियन आणि अँगस डीटन यांनी 1983 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीतील ग्रामीण महाराष्ट्राची 563 गावे आणि 5,630 कुटुंबे घेऊन अन्नखर्चाचा हिशेब मांडला. तो 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. डीटन यांना 2015 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्यांना आढळले ते असे. घराचा एकूण खर्च 10 टक्क्यांनी वाढला, तर उष्मांक 3 ते 5 टक्क्यांनी वाढतात. अन्नावरचा खर्च मात्र त्याहून बराच जास्त वाढतो. मधला पैसा जातो कुठे? त्याच उष्मांकासाठी जास्त दाम देण्यात. सगळ्यात स्वस्त उष्मांक ज्वारी-बाजरीतून मिळत होते, तरीही गरीब घरांच्या पिशवीत थोडा गहू, थोडा तांदूळ, थोडी साखर असायचीच.

याला अडाणीपणा म्हणणे चूक आहे. पसंतीच्या सिद्धांतात माणूस शहाणा ठरायला दोनच गोष्टी लागतात: कुठल्याही दोन पर्यायांची त्याला तुलना करता यावी, आणि तुलना सुसंगत असावी, म्हणजे पहिला दुसऱ्याहून व दुसरा तिसऱ्याहून बरा असेल तर पहिला तिसऱ्याहून बरा असावा. काटकसर केली पाहिजे, स्वार्थ साधला पाहिजे, असे त्यात कुठेही नाही. सणाला पुरणपोळी करणारी मजूर बाई आणि नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरसाठी पिठाची गोणी देणारा हमाल, दोघेही या कसोटीला पूर्ण उतरतात.

मदत रोख द्यावी की धान्याने, हा वादही याच समजावर अडतो. फेब्रुवारी 2023 मध्ये राज्य सरकारने मराठवाड्यासह 14 जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी महिना 150 रुपये देण्याचा निर्णय घेतला. रोख रक्कम लोक उडवतील, ही भीती लगेच व्यक्त झाली. खरा प्रश्न वेगळा आहे: त्या 150 रुपयांत पूर्वीइतके 5 किलो धान्य बाजारात मिळते का? मिळत असेल, तर रोखीने कुटुंबाचे नुकसान नाही, कारण जुनी निवडही त्याच्या हातात राहते. बाजारभाव वाढला आणि रक्कम तीच राहिली, तर मात्र नुकसान निश्चित आहे.

गैरसमज: उपयोगिता म्हणजे मोजलेले सुख.

हा गैरसमज बारावीपासून मनात बसतो, कारण मार्शलच्या पद्धतीने उपयोगितेचे आकडे टाकून कोष्टके शिकवली जातात. आधुनिक सिद्धांतात या आकड्यांना फक्त क्रम असतो. पॅरेटो आणि त्यानंतर 1934 मध्ये हिक्स व अ‍ॅलन यांनी ते स्पष्ट केले. नीटच्या गुणवत्ता यादीत पहिला आणि दुसरा यांच्या नुसत्या क्रमांकांवरून त्यांच्या गुणांतले अंतर कळत नाही, तसेच हे आहे. भाकरीला 10 आणि पोळीला 5 दिले म्हणून भाकरी दुप्पट आवडते असे होत नाही. 100 आणि 99 दिले तरी अर्थ तोच.

यातून एक गोष्ट ओघाने येते, आणि ती फार महत्त्वाची आहे. एकाची उपयोगिता दुसऱ्याच्या उपयोगितेशी या आकड्यांवरून ताडून पाहता येत नाही. मांजरा धरण कोरडे पडल्यावर 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून 5 लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात आली. त्या उन्हाळ्यात ज्यांना जमले त्यांनी खासगी टँकर विकत घेतले. ज्यांना जमले नाही ते घागरी घेऊन रांगेत उभे राहिले. टँकरला पैसे मोजणाऱ्याला पाण्याची गरज जास्त होती, असा निष्कर्ष यातून निघत नाही. किती पैसे मोजले यात पसंतीइतकाच मिळकतीचाही हिस्सा असतो.

गैरसमज: घराची एक आवड असते.

पाहणीत 'कुटुंब' हा एकच रकाना असतो, घरात मात्र माणसे असतात. समजा, वडिलांचा क्रम भाकरी, पोळी, भात. आईचा पोळी, भात, भाकरी. मुलाचा भात, भाकरी, पोळी. प्रत्येकाचा क्रम सुसंगत आहे. आता बहुमत घ्या. भाकरी पोळीला हरवते, पोळी भाताला हरवते, आणि भात भाकरीला हरवतो. घराची पसंती गोल फिरत राहते! कोंदोर्से या फ्रेंच विचारवंताने 1785 मध्येच हा पेच दाखवला होता.

प्रत्यक्षात बहुमतही घेतले जात नाही. भाकरी थापणारी, चुलीसमोर बसणारी बहुतेक घरांत एकच बाई असते. शेतमजुरीवरून आल्यावर तिला भाकरी नको वाटत असेल, तर तो चवीचा प्रश्न नाही, श्रमाचा आहे.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून अर्थशास्त्राचे अनेक विद्यार्थी गावोगाव पाहणीला जातात. त्यांना एक विनंती: प्रश्नावलीत 'तुम्ही काय खाता?' याच्या शेजारी आणखी तीन रकाने आखा. धान्य घरचे, रेशनचे की विकतचे. त्या महिन्यात ज्वारीचा आणि गव्हाचा भाव काय होता. आणि स्वयंपाक कोणी केला.