टोमॅटो : कोणता, कशात आणि कोणासाठी?

वांगी घेताना आपण निवड करतो. भरायला लहान वांगी, भरताला मोठे वांगे, हे कोणाला शिकवावे लागत नाही. टोमॅटोच्या बाबतीत मात्र ‘अर्धा किलो द्या’ म्हटले की काम संपते. लाल दिसला आणि हाताला कडक लागला की तो पिशवीत पडतो. मग तोच आमटीत, तोच कोशिंबिरीत आणि तोच सारात. सार फिके का झाले, कोशिंबिरीला पाणी का सुटले, याचे उत्तर पुष्कळदा टोमॅटोच्या जातीत असते. आणि कोणत्या पदार्थात, कोणत्या भांड्यात तो शिजतो, याचा संबंध आपल्या प्रकृतीशीही येतो.

टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांमार्फत तो आपल्याकडे आला. वांगी, बटाटा आणि मिरची यांच्याच कुळातला तो असल्याने जुन्या मराठीत त्याला वेलवांगे म्हणत. विदर्भात आजही तो भेदरे या नावाने ओळखला जातो. आपल्या महाड-पोलादपूरकडे मात्र आंबटाचा मान पूर्वीपासून आमसुलाचा, चिंचेचा आणि कैरीचा. इथल्या मुसळधार पावसात टोमॅटोचे पीक तग धरत नाही. भात कापून झाल्यावर हिवाळ्यात परसात किंवा नदीकाठी थोडीफार लागवड होते. एरवी आपला टोमॅटो घाटावरून येतो. जुन्नर तालुक्यातील नारायणगावची टोमॅटोची बाजारपेठ प्रसिद्धच आहे.

बाजारातले प्रकार

एवढा प्रवास करायचा तर टोमॅटो जाड सालीचा आणि टणक हवा. म्हणून वर्षभर आपल्याला दिसतो तो संकरित टोमॅटो. तो गोल किंवा लांबट अंड्यासारखा, गराला जाड आणि रसाला कमी असतो. तो कापला की चकत्या सुटत नाहीत. कोशिंबिरीला, सँडविचला आणि दाट रश्श्याला तो चांगला. मात्र त्याला आंबटपणा बेताचा असतो. त्याचे सार करायचे तर जोडीला एखादे आमसूल टाकावे.

दुसरा प्रकार गावठी म्हणून विकला जातो. तो चपटा, देठाजवळ खाचा पडलेला, पातळ सालीचा आणि रसाने भरलेला असतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेली ‘पुसा रूबी’ ही सुधारित जातही अशीच चपटी आणि आंबट. हिवाळ्यात गावातल्या बायका पाटीत घेऊन बसतात, त्यात असा टोमॅटो मिळतो. तो दोन दिवसांत मऊ पडतो, पण सार, आमटी आणि चटणीला त्याची बरोबरी नाही. नारळाच्या दुधातले सार करावे ते याचेच. रस गाळल्यावर मंद आचेवर ठेवावा आणि दूध शेवटी घालावे, म्हणजे ते फाटत नाही.

तिसरा लंबगोल, पेरूसारखा दिसणारा. ‘रोमा’ ही परदेशी जात आणि लुधियानाच्या कृषी विद्यापीठाची ‘पंजाब छुहारा’ या अशा जाती. यांत बिया आणि पाणी कमी, गर जास्त. घरी सॉस किंवा दाट रस करून ठेवायचा असेल तर हा घ्यावा. आटवायला वेळ कमी लागतो आणि गॅसही वाचतो.

चौथा हिरवा, म्हणजे न पिकलेला. दाण्याचे कूट आणि गूळ घालून त्याची भाजी होते. तीळ, मिरची, लसूण यांच्याबरोबर तव्यावर परतून वाटले की भाकरीबरोबर झकास चटणी होते. कच्च्या टोमॅटोत किंचित कडवट द्रव्य असते. भाजी-चटणीच्या नेहमीच्या प्रमाणात त्याने अपाय होत नाही. झाडाची पाने मात्र खाऊ नयेत.

रक्त कमी असणाऱ्यांसाठी

आता मुख्य गोष्टीकडे येतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दोन बायकांमागे एकीहून जास्त. ‘चढ चढताना दम लागतो, पाय ओढतात’ असे सांगत आमच्याकडे येणाऱ्या भगिनींत अशा पुष्कळ असतात. आपल्या जेवणात नाचणी, वाल, मटकी आणि पालेभाज्या आहेत. त्यांत लोह आहे, परंतु धान्य-भाज्यांतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. त्याच जेवणात ‘क’ जीवनसत्त्व असेल तर ते अधिक शोषले जाते. आवळा, पेरू आणि लिंबू यांत हे जीवनसत्त्व टोमॅटोपेक्षा जास्त. पण टोमॅटो रोज घरात असतो, म्हणून त्याचे महत्त्व.

शिजवताना ‘क’ जीवनसत्त्वाचा काही भाग नष्ट होतो. म्हणून भाकरी-उसळीबरोबर कच्च्या टोमॅटोची कोशिंबीर घ्यावी आणि ती आयत्या वेळी चिरावी. जेवणाला लागूनच चहा पिऊ नये, कारण चहा लोहाचे शोषण अडवतो. निदान तासभर तरी जाऊ द्यावा.

दुसरा उपाय भांड्याचा. टोमॅटोची चटणी किंवा रस्सा लोखंडी कढईत शिजवला, तर आंबटामुळे कढईतले थोडे लोह पदार्थात उतरते. रंग जरा काळपट होतो, त्याला भिऊ नये. झाल्यावर पदार्थ लगेच दुसऱ्या भांड्यात काढावा, नाहीतर चव लोखंडी लागते. उलट कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात टोमॅटो शिजवू नये. तो कळकतो आणि पोटाला बाधतो. ॲल्युमिनियमच्या पातेल्यातही आंबट पदार्थ रात्रभर ठेवू नये. अर्थात, कढई म्हणजे लोहाच्या गोळ्या नव्हेत. हिमोग्लोबिन कमी असेल तर तपासणी करून गोळ्या घ्याव्याच लागतात.

लाल रंग देणारे लायकोपीन हे द्रव्य मात्र शिजवल्यावर आणि थोड्या तेलाबरोबर जास्त चांगले शोषले जाते. म्हणून कच्चा आणि शिजवलेला, दोन्ही प्रकारे टोमॅटो पोटात जावा.

मुतखड्याची धास्ती

‘डॉक्टर, टोमॅटोच्या बियांनी खडा होतो ना?’ हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. रक्त कमी असलेल्या एका बाईंनी सासूबाईंना खडा झाला म्हणून घरातला टोमॅटोच बंद केला होता. सासूबाई दिवसभरात जेमतेम चार पेले पाणी पीत होत्या, तिकडे कोणाचे लक्ष नव्हते. बी मूत्रपिंडात जात नाही, ते शौचावाटे बाहेर पडते. सर्वसाधारण खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि टोमॅटोत ऑक्झलेट कमी असते. पालकात ते कित्येक पटींनी जास्त. कोकणातल्या उकाड्यात घाम फार जातो, पाणी कमी पडते आणि लघवी दाट होते. खड्याचे हे मोठे कारण. लघवी फिकट होईल इतके पाणी प्या, मीठ कमी करा. बेताने खाल्लेल्या टोमॅटोने काही बिघडत नाही. बियांभोवतीचा बुळबुळीत गर टाकून देणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, टोमॅटोची चव त्यातच जास्त असते. तो रश्श्यात घातला की मीठ कमी असले तरी जेवण अळणी लागत नाही. रक्तदाबाच्या रुग्णांना याचा उपयोग होतो.

अशीच एक धास्ती २०२२ साली पसरली. केरळात मुलांमध्ये ‘टोमॅटो फ्लू’ आढळला आणि इथेही लोक टोमॅटो घ्यायला कचरले. अंगावर लाल फोड येतात म्हणून ते नाव पडले. टोमॅटो खाण्याशी त्या रोगाचा संबंध नव्हता.

कोणी जपून खावा

ज्यांची मूत्रपिंडे खरोखरच कमजोर झाली आहेत, ज्यांना डायलिसिस चालू आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोमॅटो खाऊ नये. शंभर ग्रॅम टोमॅटोत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. हे रक्तात साठले तर हृदयाचे ठोके अनियमित होऊन जिवावर बेतू शकते. सार, सूप आणि आटवलेला रस यांत एका वाटीत तीन-चार टोमॅटो सहज जातात. आजारी माणसाला हलके म्हणून वाटीभर सार देण्याची आपली रीत आहे. या रुग्णांच्या बाबतीत ती सोडावी. रक्तदाबाच्या काही औषधांनीही पोटॅशियम वाढते. मूत्रपिंडाचा त्रास असून ती चालू असतील तर अधिक सावध राहावे.

आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी रात्री उशिरा आणि रिकाम्या पोटी टोमॅटो टाळावा. बाटलीतला सॉस म्हणजे टोमॅटो नव्हे. त्याच्या मोठ्या चमच्यात जवळजवळ लहान चमचाभर साखर असते, शिवाय मीठ वेगळे. मधुमेहींनी हे ध्यानात ठेवावे.

चार घरगुती सूचना

वाल, मटकी, तूरडाळ आधी मऊ शिजू द्यावी आणि टोमॅटो मागाहून घालावा. आंबट आधी पडले की कडधान्य लवकर शिजत नाही. अर्धवट पिकलेला टोमॅटो फ्रीजमध्ये ठेवू नये, थंडीने त्याची चव जाते. तो टोपलीत देठाची बाजू खाली करून ठेवावा आणि पूर्ण पिकल्यावरच, वापरायला वेळ असेल तर, फ्रीजमध्ये ठेवावा. बुरशी आलेला टोमॅटो कापून अर्धा वापरू नये, पूर्ण टाकावा. कच्चा खायचा असेल तर वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावा.

आणि टोमॅटो महाग झाला तर कर्ज काढून आणू नये. २०२३च्या जुलैत तो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला होता. पावसाळ्यात वरंध किंवा आंबेनळी घाटात दरड कोसळली तरी आपल्याकडे भाजीची ओढाताण होते. अशा वेळी आंबटाला आमसूल आहेच, आणि लोहासाठी पानात लिंबाची फोड घ्या. तेवढ्याने काम भागते.