घरातील विजेचा डबा कोठे असावा?

गेल्या श्रावणातील एका शुक्रवारची सायंकाळ. आम्ही कल्याणास वाचनालयात गेलो होतो आणि शहाडच्या आमच्या बिऱ्हाडी सौभाग्यवती एकटीच होती. पुरण वाटण्यासाठी तिने मिक्सर लावला, तोच ओट्यावरील बटणांच्या पाटीतून चरचर असा आवाज येऊन धूर निघू लागला. पाटीच पेटू पाहत असल्यामुळे बटणास हात लावण्याची सोय नव्हती. घरची सारी वीज बंद करणे हा एकच मार्ग, हे तिला उत्तम ठाऊक होते. परंतु ती बंद करण्याचा डबा होता दाराच्या चौकटीवर, माळ्याच्या पोटाशी, जमिनीपासून साडेसात फुटांवर. ती स्टुलावर चढली, तरी हात वीतभर कमी पडला. अखेर दार उघडून तिने हाका मारल्या, तेव्हा समोरच्या बिऱ्हाडातील कॉलेजात जाणारा उंच मुलगा धावत आला आणि त्याने खटका खाली ओढला. भिंतीवर हातभर काजळी धरली, यापलीकडे नुकसान झाले नाही. आम्ही घरी परतलो तेव्हा ती रागावली नव्हती. तिने एवढेच विचारले, “अहो, हा डबा तुम्ही नेमका कोणासाठी लावून घेतलात?”

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते, कारण ती जागा आम्हीच पसंत केली होती. त्या वेळी मुले लहान होती. त्यांचे हात पोचू नयेत म्हणून वायरमनाने सुचविलेली उंच जागा आम्हांस फार शहाणपणाची वाटली. मुले मोठी होऊन परगावी गेली, आम्ही म्हातारे झालो, आणि डबा मात्र होता तेथेच राहिला.

दाराच्या वरची ही जागा आपल्याकडील असंख्य सदनिकांत आढळते. तिच्यामागे कोणी फार विचार केला असेल असे समजू नये. इमारतीतील सर्व मीटर तळमजल्यावर एकत्र असतात. तेथून निघालेली तार जिन्याच्या भिंतीने वर येते आणि घरात शिरते ती बहुधा दारापाशीच. शिरते तेथेच डबा बसविला की तार कमी लागते आणि भिंतही कमी फोडावी लागते. काटकसर कंत्राटदाराची होते. स्टूल मात्र घरच्या गृहिणीस लागते.

आमचे बालपण कोकणात गेले. तेथे खांबावरून आलेली तार पागोळ्यांच्या वर, पाखाडीच्या टोकाशी नळीतून आत येई आणि ओटीच्या जांभ्याच्या भिंतीवर एका लाकडी फळीवर मीटर, मेन स्विच आणि चिनी मातीचे फ्यूज अशी सारी मंडळी नांदत. फ्यूज उडाला की वडील तांब्याची बारीक तार बोटाला गुंडाळून घेऊन कंदिलाच्या उजेडात फळीपाशी उभे राहत. पुण्याच्या जुन्या वाड्यांत दिंडीदरवाजातून आत शिरताच भिंतीवर भाडेकऱ्यांच्या मीटरांची रांग दिसे. ओटी काय अन् देवडी काय, दोन्ही जागा बाहेरच्या माणसासाठी मोकळ्या. मीटर वाचणाऱ्यास घरात शिरावे लागू नये, ही त्यातील सोय. आताच्या डब्यातील आपोआप पडणारा खटका, ज्यास आपण एमसीबी म्हणतो, त्याच्या रचनेचे एकस्व जर्मनीतील मानहाइम शहरी ह्युगो स्टोट्झ यांच्या कारखान्याने १९२४ साली घेतले. आपल्या घरांत तो पोचण्यास पुढे कित्येक दशके लागली. मात्र एक गोष्ट ध्यानी ठेवावी. तारेतून प्रमाणाबाहेर प्रवाह वाहिला तरच हा खटका पडतो. आमच्या पाटीत नुसता एक मळसूत्री खिळा ढिला झाला होता. अशा ढिल्या जोडातून प्रवाह वाजवीच वाहतो आणि जोड मात्र तापून लाल होतो. अशा वेळी खटका स्वस्थ बसतो आणि माणसाचाच हात तेथवर पोचावा लागतो.

परदेशी राहणाऱ्या आप्तांस आम्ही या निमित्ताने हाच प्रश्न विचारला. न्यू जर्सीतील आमच्या मुलाचा डबा तळघरात आहे. तिकडे हिवाळ्यात जमीन गोठते, म्हणून पाया गोठणरेषेच्या खाली न्यावा लागतो. एवढे खणल्यावर तळघर जवळजवळ फुकटच पडते. कॅलिफोर्नियात तशी थंडी नाही, तळघरेही क्वचित, म्हणून तेथे डबा पुष्कळदा घराच्या बाहेरच्या भिंतीवर किंवा मोटारीच्या खोलीत असतो. ऑस्ट्रेलियातही तो बाहेरच्या भिंतीवरील पेटीत असण्याची चाल आहे. इंग्लंडातील जुन्या घरांत तो जिन्याखालच्या अडगळीत, झाडू आणि छत्र्या यांच्या सहवासात सापडतो. परंतु इंग्रजांनी पुढे याचा विचार केला. नव्या घरांत खटके जमिनीपासून १३५० ते १४५० मिलिमीटर उंचीवर, म्हणजे सुमारे साडेचार फुटांवर असावेत, असे त्यांचे मार्गदर्शन सांगते. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचाही हात तेथवर जावा हा हेतू. अमेरिकेच्या नियमांनुसार डबा स्नानगृहात किंवा कपड्यांच्या कपाटात चालत नाही आणि त्याच्यापुढे तीन फूट जागा मोकळी लागते.

जपानची गोष्ट थोडी निराळी आहे. १९९५ साली कोबे येथे भूकंप झाला, तेव्हा कित्येक आगी भूकंपाच्या क्षणी लागल्या नाहीत. गेलेली वीज परत आली आणि पडझडीत दबलेली उपकरणे पेटली. घर सोडताना मुख्य खटका खाली ओढून जावे, ही शिकवण तेव्हापासून तिकडे आग्रहाने दिली जाते, आणि हादरा बसताच स्वतः पडणारे खटकेही निघाले आहेत.

हे ऐकताना आम्हांस आमचा स्वतःचा २६ जुलै २००५ आठवला. त्या दिवशी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि इकडे उल्हास नदी पात्र सोडून वस्तीत शिरली. आमच्या इमारतीचे मीटर जिन्याखाली, जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर होते. पाणी कमरेपर्यंत चढले. वीज आधीच गेली होती, पण ती केव्हा परत येईल याचा भरवसा नव्हता. खालच्या मजल्यावरील एक गृहस्थ त्या पाण्यात उतरून मेन स्विच बंद करण्यास निघाले. त्यांस आम्ही दोघांनी दंडांस धरून थांबविले. आपापल्या घरातील खटके तेवढे सर्वांनी पाडले. पाणी ओसरल्यावर मीटर पहिल्या वळणाच्या उंचीवर नेण्याचा ठराव झाला आणि बऱ्याच वादानंतर, कारण खर्चास प्रत्येकाची हरकत होती, तो अमलातही आला. नदीकाठी राहणाऱ्यास न्यू जर्सीचे तळघर कितीही सोयीचे वाटले तरी कामाचे नाही.

आता थोडे वास्तुशास्त्राविषयी. वीज म्हणजे अग्नी, सबब डबा आग्नेयेसच हवा, असा उपदेश हल्ली सर्रास केला जातो. वराहमिहिराने बृहत्संहितेत आग्नेय दिशेस स्वयंपाकघर सांगितले आहे, हे खरे. पण तो सहाव्या शतकातील ग्रंथकार. त्याने सांगितली ती चुलीची जागा. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने या उपदेशावरून डबा थेट गॅसच्या शेगडीवर बसविला आहे. भारतीय मानकांप्रमाणे शेगडीवर, मोरीवर किंवा स्नानगृहात असा फलक बसवू नये. वाफ, तेलकटपणा आणि पाणी हे तिन्ही त्याचे वैरी, आणि शेगडीवर काही पेटलेच तर ज्या खटक्याकडे धावायचे तो ज्वाळांच्या पलीकडे राहतो. संस्कृत आम्ही जन्मभर शिकविले. वराहमिहिराच्या माथी असले पाप मारलेले आम्हांस सोसवत नाही.

आमचा डबा आम्ही हलविला. परवानाधारक वायरमन बोलावून दोन दिवस भिंत फोडली; जुन्या जागी तारांच्या जोडांची पेटी ठेवावी लागली आणि तिच्यावर झाकण आले. नवा डबा स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात, सौभाग्यवतीच्या खांद्याच्या उंचीवर आहे. उंची मोजण्यासाठी तिलाच भिंतीशी उभे केले होते. नातवंडे येतात तेव्हा त्याच्या झाकणास कडी घालतो. प्रत्येक खटक्याखाली तिने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटविली आहे. गळती पकडणारा तीस मिलिअँपिअरचा खटकाही त्यात बसविला. त्यावर एक लहान बटण असते. ते दाबून खटका पडतो की नाही, हे अधूनमधून पाहावे लागते. विसर पडू नये म्हणून तिने त्यासाठी दर संकष्टी ठरवून टाकली आहे. आम्ही वाचत बसलेले असलो तर “अहो, दिवा जातोय हं!” एवढी पूर्वसूचना मिळते.