हवेच्या बंदुकीच्या नळीवरील गंज व त्यावर घरगुती इलाज

पावसाळा सरला म्हणजे माळ्यावरील वस्तु उन्हांत काढण्याची आपल्याकडे चाल आहे. अशा वेळीं कांहीं घरांतून वडिलांच्या वेळची एखादी छर्‍याची हवेची बंदूक बाहेर येते. बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कारखान्यानें १९०५ सालापासून अशा बंदुका बनविण्यास आरंभ केला. जर्मनींतील कारखान्यांच्या बंदुकाहि पुष्कळ आढळतात. दस्ता शाबूत, पण नळी तांबूस गंजानें माखलेली, असें त्यांचें रूप असतें. अशी बंदूक पाहतांच मालकाचा हात प्रथम काचकागदाकडे वळतो.

आम्हींहि एकदां तेंच केलें. अर्ध्या तासांत नळी रुप्यासारखी चकाकूं लागली खरी; परंतु तिजवर ठोकलेलें कारखान्याचें नांव व अनुक्रमांक हीं अर्धींमुर्धीं पुसून गेलीं, आणि थोड्याच दिवसांत उघड्या पडलेल्या पोलादावर पहिल्याहून अधिक गंज चढला. गेलेलीं अक्षरें परत आणण्यास उपाय नाहीं. वाचकांकडून ही चूक होऊं नये, एवढ्यासाठींच हा लेख लिहीत आहों.

नळीवरील निळसर काळेपणा हा लावलेला रंग नव्हे. तो लोखंडाचाच एक गंज आहे. लोखंड व प्राणवायु यांच्या संयोगापासून निरनिराळे पदार्थ होतात. लाल गंज भुसभुशीत असतो. तो ओल धरून ठेवतो व खालचें पोलाद खात जातो. काळा गंज घट्ट बसतो, लोहचुंबकास ओढला जातो आणि तेल धरून ठेवतो. ह्या दोहोंमधील नातें फार उपयोगाचें आहे. कारण लाल गंजाचा पातळ थर उकळत्या पाण्यांत ठेवला असतां तो काळ्या गंजांत पालटतो. तेव्हां शत्रु म्हणून जो खरडून टाकावयाचा, त्यासच पहारेकरी करतां येतें.

आरंभीं बंदुकींत छर्रा नाहीं अशी खात्री करून घ्यावी. नळी मोडलेली असतां चाप कधींहि ओढूं नये. नळी झटक्यानें मिटून बोटें चेंगरतात. नळी सोडविण्याचें काम माहीतगार कारागिराकडून करवावें. दट्ट्यामागील स्प्रिंग बंदूक ताणलेली नसतांहि दाबलेलीच असते, व योग्य साधनावांचून ती उघडल्यास उसळून डोळा जाण्याचें भय असतें. नळीच्या बुडाशीं असलेलें चामड्याचें वायसर काढून ठेवावें. आम्ही सांगत आहों ती कृति फक्त सुट्या नळीची आहे. दट्ट्याचें घर, स्प्रिंग व चाप हीं पाण्यांत घालूं नयेत.

प्रथम नळीस यंत्राचें पातळ तेल लावून एक दिवस ठेवावी व मऊ फडक्यानें पुसावी. मूळचा काळेपणा बहुतेक शिल्लक दिसला तर तेथेंच थांबावें, हें उत्तम. गंज अधिक असेल तर पुढील कृति करावी.

नळींत आंतून तेल लावून दोन्ही टोकांस लांकडाचे घट्ट खुंटे बसवावे. तेच धरावयास उपयोगी पडतात. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानें बाहेरील तेलकटपणा पूर्ण काढावा व पुढें नळीस उघडा हात लावूं नये. बोटाचा ठसा उमटतो. नळी बुडेल असें लोखंडी किंवा स्टेनलेस स्टीलचें लांबट भांडें घ्यावें. ॲल्युमिनियमचें किंवा जस्त चढविलेलें नको. पाणी पावसाचें अथवा ऊर्ध्वपातित घ्यावें; विहिरीच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहतात. नळी वीस मिनिटें उकळावी. लाल गंज काळा होतो. मग सोड्यानें धुवून तेल काढलेल्या, अत्यंत बारीक लोखंडी लोकरीनें नळी हलकेच पुसावी. सुटी भुकटी निघून जाते, घट्ट थर राहतो व अक्षरांस धक्का लागत नाहीं.

पोलाद जेथें उघडें पडलें असेल तेथें थोडा नवा गंज मुद्दाम आणावा लागतो. औषधांच्या दुकानांत मिळणार्‍या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडच्या अर्ध्या पेल्यांत लहान चमचाभर मीठ विरघळवून, जेमतेम ओलसर बोळा एकदां फिरवावा. ओघळ येऊं देऊं नये. तांबूस धूळ चढली कीं पुन्हां उकळावें व पुसावें. असें पांच ते आठ वेळां केल्यावर रंग गडद होतो. घाई करून जाड गंज आणल्यास खड्डे मात्र पडतात.

अखेरीस नळी सोड्याच्या पाण्यांत बुडवून मिठाचा अंश घालवावा, स्वच्छ गरम पाण्यानें धुवावी व ऊन असतांच भरपूर तेल लावावें. खुंटे काढून नळी आंतूनहि कोरडी करून तेलाचा बोळा फिरवावा. बंदूक जोडल्यावर मात्र दट्ट्याच्या घरांत तेल सोडूं नये. दाबानें तापलेल्या हवेंत तें पेट घेऊन स्प्रिंग व वायसर यांची नासाडी करतें.

जो भाग लोहचुंबकास चिकटत नाहीं, म्हणजे पितळ, जस्त वा ॲल्युमिनियमचा आहे, त्यावर ही कृति चालत नाहीं. निकेलचा मुलामा असलेल्या भागावरहि ती करूं नये. बाजारांतील थंड काळें करण्याच्या औषधांत बहुधा सेलेनियमचे विषारी क्षार असतात, व त्यांचा थर पातळ बसतो. कारखान्यांतील कढत दाहक सोड्याची रीत तर घरीं करूंच नये.

पूर्वींच्या गंजानें पडलेले खड्डे ह्या उपायानें भरून येत नाहींत, हें आधींच सांगणें बरें. ते राहूं द्यावे. वडिलांच्या हातांत फिरलेली वस्तु नवी दिसण्यापेक्षां तिचें नांव वाचतां येणें अधिक मोलाचें आहे. यापुढें बंदूक गोणपाटांत किंवा चामड्याच्या पिशवींत गुंडाळून ठेवूं नये; हाताळल्यावर पुसावी, व पावसाळ्यांत पंधरवड्यास एकदां तेलाचें बोट फिरवावें. चढविलेला काळेपणा टिकतो तो ह्या तेलाच्या जोरावरच.