घड्याळ पाण्यात उतरते तेव्हा

वार्षिक परीक्षा आटोपली की शिरूर तालुक्यातल्या कारेगावसारख्या गावांत मुलांची पावले आपोआप विहिरीकडे वळतात. नवशिके पाठीला डबा बांधून उतरतात, तर पोहणारे काठावरून मुटके मारतात. अलीकडे या मुलांच्या मनगटावर एक नवी वस्तू दिसू लागली आहे. जाड पोलादी घड्याळ, त्याभोवती फिरणारे कडे, अंधारात चमकणारे काटे, आणि तबकडीवर लिहिलेले '२०० मीटर'. हे पाणबुड्यांचे घड्याळ. एके काळी ते श्रीमंतांनाच परवडे. आता काही हजार रुपयांत मिळते आणि उन्हाळ्यात शर्टाच्या अर्ध्या बाहीखाली शोभूनही दिसते.

पण '५० मीटर' असे छापलेले साधे घड्याळ कधी कधी नुसत्या बादलीतल्या पाण्यानेही आतून धुरकटते. आपली विहीर तर जेमतेम पंधरा मीटर खोल! मग तो आकडा खोटा म्हणायचा का? चला, थोडे पदार्थविज्ञान वापरून याचा छडा लावू.

दर दहा मीटरला एक वातावरण

पाण्यात दहा मीटर खाली गेले की दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. एक वातावरण म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोग्रॅम वजनाचा भार. घड्याळाच्या काचेचा व्यास ३ सेंटिमीटर धरला, तर तिचे क्षेत्रफळ ७ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे दहा मीटरवर काचेवर बाहेरून सात किलोग्रॅमचा जादा भार येतो, आणि वीस मीटरवर चौदा.

हा भार काच सहज पेलते. पंचाईत होते ती सांध्यांची. घड्याळाला तीन दारे असतात : काचेची कड, मागचे झाकण आणि चावीची दांडी. या तिन्ही ठिकाणी बारीक रबरी वायसर बसवलेले असतात. वायसर दाबून बसला की पाण्याला वाट मिळत नाही. पाणबुड्यांच्या घड्याळात चावीही आटे फिरवून घट्ट बसवता येते.

रोलेक्स कंपनीने असे बंद घड्याळ १९२६ साली बाजारात आणले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९२७ मध्ये, मर्सिडीज ग्लिट्झ ही इंग्लिश जलतरणपटू ते गळ्यात अडकवून इंग्लिश खाडीत उतरली. त्या दिवशी थंडीमुळे तिला खाडी पार करता आली नाही, पण दहा तासांहून अधिक काळ पाण्यात राहूनही घड्याळ चालूच होते. १९५३ साली ब्लाँपां कंपनीने खास पाणबुड्यांसाठी जे घड्याळ काढले, त्याच्या नावाचा अर्थ 'पन्नास वाव'. कोकणातले मच्छीमार खोली वावेतच मोजतात. पन्नास वाव म्हणजे सुमारे ९१ मीटर.

उडी मारली तर?

'पोहताना हात हलवला की दाब वाढतो, म्हणून ५० मीटरचे घड्याळ टिकत नाही,' असे पुष्कळदा ऐकू येते. हे गणित करून पाहू. वेगामुळे येणारा दाब म्हणजे घनतेची निम्मी पट गुणिले वेगाचा वर्ग. पोहताना हाताचा वेग सेकंदाला ३ मीटर धरला, तर हा दाब ४,५०० पास्कल येतो, म्हणजे अवघ्या ४५ सेंटिमीटर पाण्याइतका. पाच मीटर उंचीवरून उडी मारली, तर पाण्याला टेकताना वेग सेकंदाला सुमारे १० मीटर होतो. दाब येतो ५०,००० पास्कल, म्हणजे पाच मीटर पाण्याइतका. गंमत पाहा, जितकी उडीची उंची तितकीच पाण्याची खोली! हा योगायोग नाही. दोन्हीकडे ऊर्जेचा तोच हिशेब आहे.

मात्र मनगट पाण्यावर सपाट आपटले, तर क्षणभर दाब याहून पुष्कळ वाढू शकतो. म्हणून उडी मारणाऱ्याने निदान १०० मीटरचे घड्याळ वापरावे. नुसते पोहणाऱ्याच्या घड्याळात पाणी शिरले, तर मात्र हाताच्या वेगाला दोष देता येणार नाही.

खरा शत्रू कोण?

घड्याळावरचा आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. नवे कोरे घड्याळ, स्थिर पाणी आणि काही मिनिटांचा दाब, अशी ती चाचणी. साध्या घड्याळांत प्रत्येक नग तपासला जाईलच असे नाही. घाण्यातले काही नमुने तपासले तरी चालते. आय.एस.ओ. ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक पाळणाऱ्या पाणबुड्यांच्या घड्याळाचा मात्र प्रत्येक नग छापील खोलीच्या सव्वापट दाबाखाली तपासावा लागतो.

चाचणीनंतर वर्षे जातात. घाम, साबण आणि ऊन यांनी रबर कडक होते. सेल बदलताना झाकण उघडले जाते आणि वायसर चिमटतो. बाजारातला कारागीर कुशल असला, तरी दाब तपासण्याचे यंत्र त्याच्याजवळ बहुधा नसते. कधी कधी चावीच ओढलेली राहते. अशा घड्याळावर ५० लिहिले काय आणि २०० लिहिले काय, सारखेच.

त्यात आपला उन्हाळा. समजा, उन्हात घड्याळ ४७ अंश सेल्सिअसपर्यंत तापले आणि ते घालून तुम्ही २७ अंशांच्या पाण्यात शिरलात. निरपेक्ष तापमान ३२० वरून ३०० वर आले. आतल्या हवेचा दाब त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे सहा टक्क्यांनी उतरतो. हा फरक साठ सेंटिमीटर पाण्याइतकाच आहे. चांगल्या वायसरला त्याची पर्वा नसते. पण फटीला तो पुरेसा आहे. घड्याळ पृष्ठभागावर असले तरी पाणी आत ओढले जाते. बादलीतल्या घड्याळाचे रहस्य ते हेच!

फिरणारे कडे कशासाठी?

मालवणजवळ तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचे शिक्षण मिळते. तिथला पाणबुड्या पाठीवरच्या नळकांड्यातली हवा घेतो. ती त्याला सभोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने मिळावी लागते, नाहीतर छाती फुगणारच नाही. वीस मीटरवर एकूण दाब तीन वातावरणे असतो. म्हणून वर ६० मिनिटे पुरणारी हवा तिथे २० मिनिटांतच संपते. वेळ चुकली तर जिवावर बेतते.

उतरताना तो कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणतो. मग काटा कड्यावर जो आकडा दाखवील, तितकी मिनिटे झाली. हे कडे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनेच फिरते. का बरे? धक्क्याने ते सरकलेच, तर गेलेला वेळ जास्त दिसेल, कमी कधीच नाही. पाणबुड्या लवकर वर येईल, पण उशिरा नाही. यंत्र चुकलेच तर सुरक्षित बाजूला चुकावे, हे तत्त्व इथे किती सोप्या रीतीने साधले आहे! आता पाणबुड्यांच्या मनगटावर छोटा संगणक असतो. तरी पुष्कळजण जोडीला असे घड्याळ बाळगतात. तुम्ही हेच कडे उत्तरपत्रिकेचा वेळ किंवा शेतातल्या मोटारीची पाळी मोजायला वापरू शकता.

एक इशारा

घड्याळ २०० मीटरचे असले, तरी ते घालणारा २०० मीटरचा होत नाही. श्वास रोखून दहा मीटर खाली गेलात, तर दुप्पट दाबाने फुप्फुसांतली हवा निम्म्या आकारमानाची होते. फुप्फुसांना पोलादी झाकण नसते! तेव्हा घड्याळाच्या भरवशावर तळ गाठण्याची पैज लावू नका. काठावर पोहणारा मोठा माणूस आणि हाताशी दोर असल्याखेरीज विहिरीत उतरू नका.

करून पाहा

घड्याळ हाताला चांगले कोमट लागेपर्यंत उन्हात ठेवा. मग काचेवर माठातल्या पाण्याचा एक थेंब ठेवा. मिनिटभराने तो कोरड्या फडक्याने पुसा. काचेच्या आतल्या बाजूला धुके दिसले, तर आत ओल शिरलेली आहे. असे घड्याळ दुरुस्तीला द्या. कारखान्यातल्या चाचणीतही जवळजवळ हेच करतात. मात्र धुके दिसले नाही, तर आत्ता आत ओल नाही एवढेच सिद्ध होते. वायसर उद्या टिकेलच, असे नाही.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. २३ जानेवारी १९६० रोजी 'त्रिएस्त' ही पाणबुडी पॅसिफिक महासागरात सुमारे १०,९०० मीटर खोल उतरली. तिच्या बाहेरच्या अंगाला एक घड्याळ बांधले होते आणि ते चालू स्थितीतच वर आले. त्याची काच आपल्या घड्याळाएवढी मानली, तर तिच्यावर किती भार पडला असेल? उत्तर टनांत काढा, आणि मग आपल्या मनगटाकडे पाहा.