डबा रिकामा झाला, विष नाही

२०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तरीही फुलसावंगीच्या वस्तीत घरोघर फिरताना फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा धुऊन पाण्याला, तेलाला वापरलेला आम्हाला दिसतो.

धोका ओळखायला दोन प्रश्न विचारा : वस्तू किती विषारी? ती पोटात किती आणि कितीदा जाते? कीटकनाशक प्लास्टिकमध्ये मुरते, राखेने घासूनही पूर्ण निघत नाही. डब्यावरचा लाल, पिवळा त्रिकोण म्हणजे जास्त विषारी. निळा, हिरवाही निर्धोक नव्हे. असा डबा भोके पाडून निकामी करा.

भज्यांखालचा वर्तमानपत्राचा कागद लगेच जीव घेत नाही. पण शाईत शिसे असू शकते, ते तेलात उतरते आणि शरीरात साचत जाते. लेकरांचे शरीर ते मोठ्यांपेक्षा जास्त शोषते. म्हणूनच अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाई आहे. पातळ पिशवीतल्या गरम चहाचेही तसेच. उष्णता, तेल, आंबटपणा आणि वेळ वाढली की रसायन जास्त सुटते.

बाजारात जाताना स्टीलचा डबा न्या. लोणचे काचेच्या बरणीत ठेवा.

कोणाला अचानक उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ असा त्रास झाला, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. मिठाचे पाणी पाजू नका. ताबडतोब दवाखाना गाठा आणि औषधाचा डबा सोबत न्या. कोणते विष ते कळले, की डॉक्टरांना उपचार लवकर सुरू करता येतात.